१५०० बाइट्सची गोष्ट: परत न आलेला निरोप

तांत्रिक इतिहासाच्या आपल्या मालिकेतला हा पुढचा भाग. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढलीय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय एक आकडा आहे. १५००. तुमच्या लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये खोल कुठेतरी एमटीयू नावाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे बहुतेक वेळा हाच आकडा दिसतो. एमटीयू म्हणजे एका खेपेत, एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट्स पाठवता येतील याची मर्यादा. हा आकडा १९८० साली छापला गेला. तेव्हापासून इंटरनेटचा वेग हजारो पटींनी वाढला, केबल बदलल्या, कंपन्या बुडाल्या, पण १५०० जागचा हलला नाही.

आणि याच आकड्यामुळे एक फार छळणारा दोष तयार होतो. व्हीपीएन जोडलेलं दिसतं. पिंग जातं. लॉगिन होतं. छोटा ईमेल उघडतो. पण मोठी फाइल पाठवायला घेतली की ती अडकते, कुठलीही एरर न येता. ज्यांनी हे भोगलंय, त्यांच्या कपाळावर आत्ता आठी पडली असेल. हा दोष कुणा एकाच्या चुकीतून आलेला नाही. वेगवेगळ्या काळातल्या शहाण्या माणसांनी आपापल्या जागी बरोबर निर्णय घेतले आणि ते एकमेकांवर आदळले. म्हणून ही गोष्ट क्रमाने सांगतो.

सगळ्यांची मिळून एक केबल

सुरुवात हवाईत. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट सुरू केलं. बेटाबेटांवरची टर्मिनल्स रेडिओने मुख्य कॉम्प्युटरशी बोलायची. सगळ्यांची वारंवारता एकच, त्यामुळे दोघं एकदम बोलले की गोंधळ, मग थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. ही कल्पना बॉब मेटकाफने झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात उचलली आणि रेडिओच्या जागी केबल आणली. २२ मे १९७३ च्या त्याच्या टिपणात 'इथर' हे नाव येतं. डेव्हिड बॉग्जसोबत त्याने ते उभं केलं. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट.

मग डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्या एकत्र आल्या आणि ३० सप्टेंबर १९८० ला इथरनेटचं पहिलं सार्वजनिक स्पेसिफिकेशन निघालं. वेग १० मेगाबिट. पॅकेटमधला डेटा कमीत कमी ४६ बाइट्स, जास्तीत जास्त १५००.

१५०० च का? त्या काळाचं गणित मांडून बघा. केबल एकच आणि ती सगळ्यांची. एकजण बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. १५०० बाइट्सचं भरलेलं पॅकेट १० मेगाबिटच्या तारेवरून जायला साधारण १.२ मिलिसेकंद लागतात. पॅकेट दहापट मोठं केलं तर प्रत्येकाची वाट बघणंही दहापट. दुसरी गोष्ट मेमरी. नेटवर्क कार्डाला अख्खं पॅकेट साठवून ठेवावं लागतं आणि १९८० मध्ये मेमरी महाग होती. तिसरी गोष्ट, पॅकेट जितकं लांब तितकी त्यात कुठेतरी एक बिट बिघडायची शक्यता जास्त, आणि एक बिट बिघडला की अख्खं पॅकेट फेकायचं. उलट फार छोटं ठेवावं तर हेडरचंच ओझं वाढतं, म्हणजे दोन किलो तांदळासाठी पाच किलोचं पोतं. या ओढाताणीत १५०० हा बरा मध्य होता.

पुढे आयईईईने ८०२.३ हे मानक केलं तेव्हा एक गंमत झाली. मूळ इथरनेटच्या हेडरमध्ये दोन बाइट्स 'आत कुठला प्रोटोकॉल आहे' हे सांगायला होते. आयईईईला त्याच दोन बाइट्समध्ये डेटाची लांबी लिहायची होती. शेवटी असं ठरलं की आकडा १५०० पर्यंत असेल तर ती लांबी, आणि १५३६ किंवा जास्त असेल तर तो प्रोटोकॉलचा प्रकार. म्हणजे १५०० ही नुसती मर्यादा उरली नाही, ती भाषेच्या व्याकरणात शिरली. उद्या कुणी म्हणालं की चला, वाढवू, तर व्याकरणालाच हात घालावा लागणार.

लहान-मोठे पूल

पण इंटरनेट म्हणजे फक्त इथरनेट नव्हे. प्रत्येक जाळ्याची मर्यादा वेगळी. अर्पानेटची सुमारे हजार बाइट्स. एक्स.२५ ची ५७६. एफडीडीआय नावाच्या फायबर रिंगची ४३५२. आयबीएमच्या १६ मेगाबिटच्या टोकन रिंगची तर १७,९१४. आणि आयपी प्रोटोकॉलला या सगळ्यांवरून एकच पॅकेट न्यायचं होतं.

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेलं आरएफसी ७९१ आलं, म्हणजे आयपीची चौथी आवृत्ती, जी आपण आजही वापरतो. त्यातलं उत्तर सोपं होतं. पॅकेट पुढच्या रस्त्याला मोठं पडत असेल तर वाटेतल्या राउटरने त्याचे तुकडे करायचे आणि शेवटी पोचलेल्या कॉम्प्युटरने ते जोडायचे. तुकडे नको असतील तर पाठवणाऱ्याने हेडरमध्ये एक बिट चालू करायचा: 'तोडू नका'. असं पॅकेट मोठं पडलं तर राउटर ते टाकून देणार आणि पाठवणाऱ्याला उलटा निरोप धाडणार. हा निरोप आयसीएमपी या प्रोटोकॉलने जातो. प्रकार ३, उपप्रकार ४. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

तुकडे करण्याची पद्धत काही वर्षं चालली. मग १९८७ मध्ये ख्रिस्तोफर केंट आणि जेफ्री मोगल यांचा एक पेपर आला. त्याचं शीर्षकच होतं 'फ्रॅगमेंटेशन कन्सिडर्ड हार्मफुल'. मुद्दे रोखठोक होते. दहा तुकड्यांतला एक हरवला तर उरलेले नऊ वाया, अख्खं पॅकेट पुन्हा पाठवा. राउटरचं काम वाढतं. घेणाऱ्याला अर्धवट तुकडे मेमरीत सांभाळत बसावं लागतं. त्यापेक्षा पाठवणाऱ्याला आधीच कळलं की वाटेतला सगळ्यात बुटका पूल केवढा आहे, तर तो मालच त्या मापाचा भरेल.

याची कृती नोव्हेंबर १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये आली. लेखक पुन्हा मोगल, सोबत स्टीव्ह डीअरिंग. नाव 'पाथ एमटीयू डिस्कव्हरी'. युक्ती फार सुंदर होती. प्रत्येक पॅकेटवर 'तोडू नका' लिहूनच पाठवायचं. कुठे अडलं तर राउटर तो प्रकार ३, उपप्रकार ४ चा निरोप पाठवेलच. त्या निरोपात आधीपासून काही बिट रिकामे होते, त्यांतल्या १६ बिटांत राउटरने लिहायचं की 'माझ्या पुढच्या रस्त्याची मर्यादा एवढी आहे'. पाठवणारा लगेच तेवढ्या मापावर येतो.

रेल्वेच्या पुलाआधी उंचीचा आडवा दांडा लावलेला असतो ना, तसं समजा. ट्रक अडला, तर चौकीदार डेपोला चिठ्ठी पाठवतो: 'उंची ४ मीटर, पुढचे ट्रक तसे भरा'. एक ट्रक वाया गेला, बाकी सगळे सुरळीत.

पण या अख्ख्या योजनेत एक गृहीत धरलेली गोष्ट होती. चिठ्ठी डेपोपर्यंत पोचली पाहिजे.

गेटवरचा पहारेकरी

२ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म सुटला आणि त्या वेळच्या इंटरनेटचा मोठा हिस्सा लुळा पडला. तोपर्यंत हे जाळं एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांचं होतं. त्यानंतर दाराला कुलूप हवं असं सगळ्यांनाच वाटू लागलं.

आता योगायोग बघा. १९८९ मध्ये राउटरवर बसून नियमांप्रमाणे पॅकेट आत सोडणारं किंवा अडवणारं 'स्क्रीनडी' नावाचं एक सॉफ्टवेअर सादर झालं. फायरवॉलच्या घराण्यातल्या पहिल्या काही पूर्वजांपैकी एक. ते लिहिणारा माणूस जेफ्री मोगल. म्हणजे ज्या माणसाने निरोपाची व्यवस्था लावली, त्यानेच गेटवर पहारेकरीही बसवला. दोन्ही कामं एकाच काळातली, एकाच डोक्यातली. त्याच्या डोक्यात या दोघांचं भांडण नव्हतं. भांडण नंतर लागलं.

१९९६ मध्ये 'पिंग ऑफ डेथ' आलं. आयपी पॅकेटची कमाल लांबी ६५,५३५ बाइट्स, पण तुकडे चलाखीने रचले तर जोडल्यावर त्याहून मोठं पॅकेट तयार व्हायचं आणि समोरचा कॉम्प्युटर कोसळायचा. पाठोपाठ 'स्मर्फ' हल्ले आले. दुसऱ्याचा पत्ता टाकून अख्ख्या नेटवर्कला एक पिंग करायचा, की सगळ्यांची उत्तरं त्या बिचाऱ्यावर जाऊन पडणार. दोन्ही हल्ल्यांमध्ये नाव आलं पिंगचं, आणि पिंग चालतं आयसीएमपीवर.

मग नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी काय केलं? आयसीएमपी सरसकट बंद. सल्ला तोंडोतोंडी पसरला, चेकलिस्टमध्ये शिरला, ऑडिटच्या अहवालात छापला गेला. पिंगच्या उत्तराबरोबर प्रकार ३, उपप्रकार ४ चा निरोपही गेटवरच फाडला जाऊ लागला. डेपोला चिठ्ठी मिळेना. ट्रक त्याच उंचीचे निघत राहिले, पुलाशी जाऊन नाहीसे होत राहिले. या प्रकाराला नाव पडलं 'ब्लॅक होल', आणि सप्टेंबर २००० च्या आरएफसी २९२३ मध्ये त्याची रीतसर नोंद झाली.

त्या अ‍ॅडमिनना मी मूर्ख म्हणणार नाही. रात्री तीन वाजता सर्व्हर पडलेला असताना माणूस आधी दार लावतो. वाईट एवढंच की दार नंतर कुणी उघडून बघितलं नाही.

पाकिटात पाकीट

आता यात व्हीपीएन आणा. व्हीपीएन टनेल म्हणजे एक पत्र पाकिटात घालून, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालणं. बाहेरच्या पाकिटालाही जागा लागते, पण पोस्टाची पेटी तेवढीच, १५०० ची. साध्या जीआरई टनेलला २४ बाइट्स लागतात, म्हणून आत उरतात १४७६. आयपीसेकमध्ये नवीन पत्ता, एन्क्रिप्शनचं साहित्य, पॅडिंग आणि शेवटी शिक्का असं सगळं मिळून पन्नास ते ऐंशीच्या घरात जातं. शिवाय घरोघरच्या डीएसएल ब्रॉडबँडने आणखी ८ बाइट्स खाल्ले. बीएसएनएलच्या मोडेममध्ये यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी व्हायची ते आठवतं? ती पीपीपीओई पद्धत, १९९९ च्या आरएफसी २५१६ मधली. तिच्यावर १५०० चे १४९२ होतात.

म्हणजे व्हीपीएन आलं की रस्त्यात हमखास एक बुटका पूल आला. आणि व्हीपीएन असतं तिथे फायरवॉल असतेच. ब्लॅक होलसाठी याहून चांगली जमीन नाही.

एक प्रसंग सांगतो, कारण कागदावर हे सगळं फार स्वच्छ वाटतं. काही वर्षांपूर्वी मी एका डायग्नोस्टिक सेंटरच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. तालुक्याच्या शाखेत एक्स-रे काढायचा, फाइल मुख्य केंद्रात जायची, तिथले डॉक्टर रिपोर्ट द्यायचे. सुरक्षेच्या ऑडिटनंतर शाखा व्हीपीएनवर आणल्या आणि एका शाखेतून एक्स-रे जाणंच बंद झालं. पेशंट बाकावर बसून, आणि फाइल पेन ड्राइव्हमध्ये घालून एक मुलगा बाइकवरून शहरात नेतोय. दोन आठवडे हे चाललं. सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि शेवटी ते बोट तिथल्या टेक्निशियन ताईंवर येऊन थांबलं होतं. म्हणे, त्या घाईत विंडो बंद करतात. त्यांच्या नावाने लेखी समज द्यायचं घाटत होतं.

मी फोन केला तर ताई म्हणाल्या, "सर, मी हात पण लावत नाही हो. पेशंटचं नाव-वय टाकलं की तिकडे लगेच दिसतं. फोटो मात्र शून्य टक्क्यावरच बसतो. रोज, प्रत्येक वेळी."

यातला 'प्रत्येक वेळी' हा शब्द महत्त्वाचा. लाइन खराब असती तर कधी जातं, कधी नाही असं झालं असतं. छोटं नेहमी जातं आणि मोठं कधीच जात नाही, हे मापाचं लक्षण आहे.

शाखेतली रचना अशी होती: कॉम्प्युटर, पुढे फायरवॉल, तिच्यापुढे व्हीपीएन राउटर, मग मोडेम. पॅकेट कॅप्चर लावलं. सुरुवातीच्या हस्तांदोलनात दोन्ही टोकं सांगतायत की आम्ही १४६० चा सेगमेंट घेऊ, म्हणजे १५०० वजा ४० बाइट्सचं हेडर. हस्तांदोलन छोटं, ते गेलं. नाव-वय छोटं, तेही गेलं. मग १५०० चं पहिलं भरलेलं पॅकेट निघालं. उत्तर नाही. एका सेकंदाने पुन्हा. मग दोन सेकंदांनी, चार, आठ. तेच पॅकेट, तेच माप.

मग 'तोडू नका' बिट लावून वेगवेगळ्या मापांचे पिंग केले. १३९४ बाइट्सचा गेला. १३९५ चा नाही, आणि एररही नाही, नुसता टाइमआउट. १३९४ मध्ये पिंगचं २८ बाइट्सचं हेडर मिळवा, १४२२. कागदावर मांडलं तर नेमकं जुळत होतं: १५०० मधून बाहेरचा पत्ता २०, यूडीपी ८, आयपीसेकचं हेडर आणि इतर साहित्य ४०, उरले १४३२. एन्क्रिप्शन १६ च्या पटीत चालतं, म्हणून १४२४. त्यातले शेवटचे २ बाइट्स हिशेबाचे. १४२२.

मग फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला कॅप्चर लावलं आणि तिथे ती चिठ्ठी सापडली. प्रकार ३, उपप्रकार ४, पुढची मर्यादा १४२२. व्हीपीएन राउटर इमानेइतबारे प्रत्येक वेळी ती पाठवत होता. आणि फायरवॉलच्या नियमांत एक ओळ होती: आयसीएमपीमध्ये पिंग तेवढं चालू, बाकी सगळं बंद. त्या ओळीपुढचा काउंटर आमच्या डोळ्यांसमोर वाढत होता.

नियम एका ओळीत बदलला. सोबत राउटरवर टीसीपीच्या सेगमेंटचं माप १३८२ वर बांधलं. एक्स-रे गेला. मी ते सगळे आकडे आणि दोन्ही बाजूंचे कॅप्चर घालून दोन पानांचा अहवाल लिहिला, आणि पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की शाखेतल्या वापराचा याच्याशी संबंध नाही. ते लेखी समजेचं प्रकरण तिथे मिटलं. माझ्या दृष्टीने फाइल जाण्याइतकंच ते महत्त्वाचं होतं. जेव्हा यंत्र काहीच बोलत नाही, तेव्हा दोष त्याच्या सगळ्यात जवळ बसलेल्या माणसावर जातो, आणि तो माणूस बहुधा पगाराने सगळ्यात खालचा असतो.

निरोपावर विश्वास न ठेवणारं इंटरनेट

मोठ्या इंटरनेटने याच्यावर काय केलं? थोडक्यात सांगायचं तर, निरोप येईल ही आशाच सोडली.

पहिला उपाय आत्ता सांगितला तोच, सेगमेंटचं माप बांधणं. वाटेतला राउटर हस्तांदोलनातला १४६० चा आकडा खोडून छोटा लिहितो. दोन्ही टोकांना पत्ताच नसतो की मधल्याने आकडा बदलला. तत्त्वात बसत नाही, पण चालतं. लिनक्सच्या आयपीटेबल्सच्या मॅन्युअलमध्ये हा पर्याय समजावताना आयसीएमपी अडवणाऱ्यांना चक्क झोडपून काढलंय, तांत्रिक कागदात असा राग क्वचित दिसतो. पण ही मलमपट्टी फक्त टीसीपीला लागू पडते.

दुसरा उपाय, आधीच लहान राहायचं. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत राउटरने तुकडे करणं बंदच झालं आणि १९९८ पासून प्रत्येक रस्त्याने किमान १२८० बाइट्स न्यायलाच हवेत असा नियम आला. वायरगार्ड हे व्हीपीएन सगळ्यात वाईट शक्यता धरून चालतं: ४० बाइट्सचा आयपीव्ही६ पत्ता, ८ चं यूडीपी, ३२ स्वतःचे, म्हणून त्याचा नेहमीचा आकडा १४२०. २०२० च्या डीएनएस फ्लॅग डेला सुचवलेला आकडा १२३२, म्हणजे १२८० वजा ४८. वेबचा नवा प्रोटोकॉल क्विक तर किमान १२०० बाइट्स जातील एवढंच गृहीत धरतो.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. मार्च २००७ चं आरएफसी ४८२१. त्यात पाठवणारा स्वतःच चाचपडतो. छोट्या मापाने सुरुवात, मग एक मोठं पॅकेट पाठवून बघायचं. पोचपावती आली तर माप वाढवा, नाही आली तर मागे या. चौकीदाराच्या चिठ्ठीची वाट बघायची नाही, ट्रक परत आला की नाही एवढंच बघायचं.

डेटा सेंटरच्या भिंतीआड ९००० बाइट्सची जंबो पॅकेट्स आज सर्रास चालतात, कारण तिथला सगळा रस्ता एकाच मालकाचा असतो. भिंतीबाहेर आलात की पुन्हा १५००, कारण बाहेर कुणीच मालक नाही आणि सगळ्यांनी एकाच दिवशी बदलायचं कबूल करणं शक्य नाही.

तुमच्यापैकी जे नेटवर्क सांभाळतात त्यांनी आजच्या भागातून एक काम करावं. उद्या ऑफिसात गेलात की फायरवॉलचे आयसीएमपीचे नियम उघडून बघा. आयपीव्ही४ ला प्रकार ३, उपप्रकार ४. आयपीव्ही६ ला प्रकार २, 'पॅकेट टू बिग'. हे दोन सोडलेले असू द्या. आणि जे नेटवर्क सांभाळत नाहीत, फक्त वापरतात, त्यांनी तक्रार करताना नुसतं 'चालत नाही' म्हणू नका. काय चालतं आणि काय चालत नाही, दोन्ही सांगा. त्या ताईंच्या एका वाक्याने आमचे दोन दिवस वाचले.

पुढच्या भागात याच कुटुंबातला दुसरा आकडा घेऊ, पोर्ट नंबर. ८० आणि ४४३ कुठून आले ती गोष्ट. तोपर्यंत प्रश्न, दुरुस्त्या, तुमचे अनुभव कळवत राहा. भेटू.